हुकमी ग्रहण

ग्रहण म्हटलें कीं आमच्या घरांत आजहि दोन पक्ष पडतात. एक पक्ष पंचांग उघडून वेध केव्हां लागतात तें पाहतो, वेधापूर्वीं स्वयंपाक उरकतो, दुधातुपाच्या भांड्यांवर तुळशीपत्रें ठेवतो आणि मोक्षानंतर स्नान करून मगच पानावर बसतो. दुसरा पक्ष काळे चष्मे शोधून गच्चीवर जातो. हे दोन्ही पक्ष एकाच छपराखालीं कित्येक वर्षें गुण्यागोविंदानें नांदत आले आहेत. कारण एका गोष्टींत त्यांचें ऐकमत्य आहे. ग्रहण कोणाच्या सोयीनें लागत नाहीं, त्याची वाटच पाहावी लागते. त्यांतहि खग्रास सूर्यग्रहण हा फारच मानी पाहुणा. एखाद्या गांवावरून त्याची सावली एकदां गेली म्हणजे सरासरीनें पावणेचारशें वर्षें ती तेथें पुन्हां फिरकत नाहीं, आणि आली तरी बहुधा दोन-चार मिनिटांहून अधिक थांबत नाहीं.

म्हणूनच ५ डिसेंबर २०२४ रोजीं दुपारीं चारच्या सुमारास श्रीहरिकोट्याहून जे दोन लहान उपग्रह एकाच अग्निबाणानें वर गेले आणि ज्यांनीं पुढील वर्षीं सूर्याला हुकमी ग्रहण लावून दाखविलें, त्यांची वार्ता माझ्यासारख्या ग्रहणामागें धांवत आलेल्या माणसाला विशेष वाटली. 'प्रोबा-३' हें त्या जोडीचें नांव. युरोपियन अवकाश संस्थेनें नव्या युक्त्या पारखून पाहण्यासाठीं लहान उपग्रहांची जी मालिका काढली, तींतील ही जोडी होय. याच वार्तेशीं आमच्या घरांतील एका अवघड प्रश्नाचा धागा येऊन गुंतला. त्याची हकीकत पुढें येईलच. आधीं ग्रहणाकडे पाहूं.

सूर्यबिंबाभोंवतीं एक फिकट, रुपेरी प्रभामंडळ असतें. शास्त्रज्ञ त्याला ज्या नांवानें ओळखतात त्याच नांवाच्या रोगानें २०२० सालापासून घरोघरीं जो घात केला, त्यामुळें तो शब्द माझ्या लेखणींतून उतरत नाहीं. आपण त्याला किरीट म्हणूं. हा किरीट बिंबापेक्षां सुमारें दहा लक्ष पट मंद असल्यामुळें बिंब पूर्ण झांकल्यावांचून डोळ्यांस दिसत नाहीं. बरें, तो पाहावा तरी कशासाठीं? सूर्याच्या पृष्ठभागाचें तपमान सुमारें साडेपांच हजार अंश सेल्सिअस, आणि त्याच्या बाहेरचा हा विरळ किरीट मात्र दहा लक्ष अंशांच्याहि वर तापलेला! चुलीपासून जसजसें दूर जावें तसतशी धग वाढावी, असा हा उलटा न्याय आहे, आणि त्याचा पुरता उलगडा अद्यापि झालेला नाहीं. सूर्यापासून जो कणांचा वारा अखंड सुटतो तो येथूनच, आणि ज्या उद्रेकांचा तडाखा उपग्रहांना व क्वचित् पृथ्वीवरील विजेच्या तारांनाहि बसतो, तेहि येथूनच बाहेर पडतात.

आपल्या महाराष्ट्रावरून अशी काळी सावली २२ जानेवारी १८९८ रोजीं गेली. त्या वेळीं सर नॉर्मन लॉकियर विलायतेहून पेट्याच्या पेट्या भरून यंत्रें घेऊन विजयदुर्गास आले आणि 'मेल्पोमिनी' नांवाच्या युद्धनौकेवरील खलाशांना हाताशीं धरून त्यांनीं किल्ल्यावर वेधशाळा उभारली. इकडे सोलापुराकडील जेऊर येथें पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगांववाला यांनीं आपली तुकडी नेली. अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांनींहि जेऊरासच तळ दिला. महिनोन्महिने तयारी, समुद्रप्रवास, तंबू, तालमी, आणि प्रत्यक्ष पाहणें दोन मिनिटांच्या आसपास!

विजयदुर्गावर ज्या चौथऱ्यांना लोक 'साहेबाचे कट्टे' म्हणतात, तेथेंच १८६८ सालीं हेलियमचा शोध लागला असें वाटाडे मोठ्या अभिमानानें सांगतात. अभिमान योग्य आहे. साल तेवढें जुळत नाहीं. १८६८ च्या ऑगस्टांतील ग्रहणाच्या वेळीं फ्रेंच ज्योतिषी जान्सेन हे गुंटूर येथें होते, आणि लॉकियर इंग्लंडांत. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत लॉकियर यांनीं ग्रहण नसतांना सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या प्रकाशाचें पृथक्करण करून दाखविलें. जान्सेन यांनींहि ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशीं हिंदुस्थानांत तेंच साधलें होतें. मला ह्या गोष्टीचें महत्त्व हेलियमहून कमी वाटत नाहीं. ग्रहणाची वाट न पाहतां सूर्याच्या कडेकडे पाहतां येतें, हें माणसाला तेव्हां प्रथम उमगलें.

ज्वाळा अशा वश झाल्या, किरीट मात्र झाला नाहीं. १९३० च्या सुमारास बर्नार ल्यो या फ्रेंच शास्त्रज्ञानें दुर्बिणीच्या पोटांतच लहानशी चकती बसवून कृत्रिम ग्रहण लावण्याची युक्ति काढली, आणि पुढें तीच युक्ति उपग्रहांवरहि चढली. २ सप्टेंबर २०२३ रोजीं निघालेल्या आपल्या आदित्य-एल१ वरहि असें एक यंत्र गेलें. (त्याच यानावरील अतिनील किरणांची दुर्बीण आमच्या पुण्याच्या आयुकानें घडविली, हें सांगण्याचा मोह आवरत नाहीं.) परंतु ह्या युक्तींत एक जन्मजात खोड आहे. चकती डोळ्याजवळ धरली कीं तिच्या कडेवरून प्रकाश वळून आंत सांडतो. हा सांडलेला प्रकाश अडविण्यासाठीं चकती जरूरीपेक्षां मोठी घ्यावी लागते, आणि मोठी घेतली कीं सूर्याच्या कडेलगतचा किरीट, म्हणजे नेमका पाहावयाचा तोच भाग, तिच्याआड जातो. चकती जितकी दूर तितकी ही सांडलवंड कमी. चंद्र पावणेचार लक्ष किलोमीटरांहून अधिक दूर असतो, म्हणूनच त्याचें काम सर्वांत चोख.

चंद्राचें काम चोख असलें तरी मध्यें ढग येतात. २२ जुलै २००९ च्या पहांटे खग्रास पाहण्यासाठीं मी सुरतेस गेलों होतों. ऐन आषाढाचे दिवस. आकाश शेवटपर्यंत उघडलें नाहीं. एकाएकीं काळोख दाटला, पक्षी गप्प झाले, तीन-सव्वातीन मिनिटांनीं पुन्हां उजाडलें. किरीट ढगांच्या पलीकडे आपल्या जागीं असेलच. परतीच्या गाडींत एका वयस्क गृहस्थांनीं मला विचारलें, "दिसलें का कांहीं?" मीं म्हटलें, "अंधार दिसला." ते म्हणाले, "मग पुण्य लागलेंच!"

आतां त्या जोडीकडे वळूं. दीडशें मीटर लांबीची दुर्बीण आकाशांत नेणें कोणालाहि शक्य नाहीं. तेव्हां दुर्बिणीचे दोन तुकडे करावे, आणि मधली नळी अजिबात वगळावी, असा विचार युरोपांतील तज्ज्ञांनीं केला. एक उपग्रह सुमारें दोनशें किलो वजनाचा, त्यावर १.४ मीटर व्यासाची चकती. दुसरा सुमारें ३४० किलोंचा, त्यावर दुर्बीण. दोघांनीं सूर्याच्या ओळींत एकामागें एक, बरोबर १५० मीटरांवर उभें राहावयाचें. दीडशें मीटर म्हणजे आमच्या आळीच्या तोंडापासून मारुतीच्या देवळापर्यंतचें अंतर. येथवर ऐकतांना सोपें वाटतें. परंतु त्या चकतीची जी गडद सावली दुर्बिणीच्या तोंडाशीं पडते ती अवघी आठ सेंटिमीटर रुंद, आणि दुर्बिणीचें तोंड पांच सेंटिमीटरांचें! म्हणजे दोहों बाजूंस मोकळीक उरली दीड-दीड सेंटिमीटराची. चित्र चांगलें यावयाचें तर परस्परांचें स्थान मिलिमीटराच्या हिशेबानें सांभाळलें पाहिजे, आणि तेंहि दोघे सेकंदाला सुमारें एक किलोमीटर ह्या वेगानें धांवत असतांना.

हें सर्व पृथ्वीवरून हुकूम सोडून करावयाचें नाहीं, ही ह्या प्रयोगाची खरी अट. चकतीवाला उपग्रह दुसऱ्याकडे लेसर किरण सोडतो. तिकडील आरशावरून तो उलट येतो आणि अंतर समजतें. दुर्बिणीवाल्याच्या तोंडाशीं सावली मोजणारे बारीक डोळे बसविले आहेत. सावली एका अंगाला कलली कीं त्यांना उजेड लागतो. मग चकतीवाला थंड वायूचा इवलासा फुत्कार सोडून स्वतःला केसभर सरकवितो. त्यांची भ्रमणकक्षा मोठी लांबोळी आखलेली. जवळचें टोंक पृथ्वीपासून सुमारें ६०० किलोमीटर आणि दूरचें ६०,५०० किलोमीटर. एका फेरीस साडेएकोणीस तासांहून किंचित् अधिक वेळ लागतो. दूरच्या टोंकाशीं पृथ्वीची ओढ क्षीण असते, म्हणून तेथेंच सहा तासांपर्यंत ओळ धरावयाची. पृथ्वीजवळ येतांना दोघांनीं सुरक्षित अंतर ठेवून मोकळें व्हावयाचें, आणि पुढच्या फेरींत पुन्हां एकत्र यावयाचें. हें मीं रात्रीं जेवणाच्या वेळीं सांगितलें तेव्हां वहिनी म्हणाल्या, "हें तर सणाला जमणाऱ्या भावांसारखेंच झालें कीं! अंतर राखलें म्हणून ओळ टिकली." थोरले दादा पानांतून मान वर न करतां नुसते "हूं" म्हणाले.

२०२५ च्या मे महिन्यांत ती ओळ प्रथमच जमली आणि जूनमध्यें किरीटाचीं पहिलीं चित्रें प्रसिद्ध झालीं. मध्यें काळें वर्तुळ आणि त्याच्या कडेला अगदीं लगटून निघालेल्या तलम, वळणदार रेषा. विजयदुर्गावर दोन मिनिटांसाठीं जें दृश्य मिळालें, तें येथें तासचे तास! आमच्या आईचें वय अठ्ठ्याऐंशी. चित्र तिला दाखविलें, तेव्हां तिनें चष्मा पुसून तें बराच वेळ न्याहाळलें आणि विचारलें, "मग ह्या ग्रहणाचे वेध पाळायचे कीं नाहीं?" घरांतील दोन्ही पक्ष एकमेकांकडे पाहूं लागले. तिनेंच निकाल दिला. "पंचांगांत दिलेलें नाहीं ना? मग नाहींत पाळायचे." गच्चीवाल्या पक्षाला हा विजय वाटला, पंचांगवाल्यांनाहि विजयच वाटला.

एवढें अद्भुत काम करणाऱ्या ह्या जोडीला तिचे कर्ते मात्र 'चांचणी' म्हणतात. प्रोबा हें नांव मुळांत इंग्रजी आद्याक्षरांचें. उपग्रहानें आपलें काम आपणच पाहावें, ह्या उद्देशाचें निदर्शक. परंतु लॅटिन भाषेंत त्याच शब्दाचा अर्थ 'पारखून पाहा' असाहि होतो, आणि मला तोच अधिक समर्पक वाटतो. ह्या मालिकेंतील पहिला उपग्रह २२ ऑक्टोबर २००१ रोजीं आपल्याच पीएसएलव्ही बाणानें श्रीहरिकोट्याहून गेला. वजन ९४ किलो. आकारानें घरांतल्या लहानशा कपाटाएवढा. त्या बाणावर आपला टीईएस होता, जर्मनीचा बर्ड होता, आणि हा बेल्जममध्यें घडविलेला तिसरा. त्याच्यावरील कित्येक भाग नवखे होते. लिथियम-आयन बॅटरी आज आपल्या प्रत्येकाच्या खिशांत आहे. अवकाशांत ती तेव्हां नवपरिणीत सुनेसारखी, सर्वांच्या नजरेखालीं वावरत होती. छायाचित्र हवें असेल त्या ठिकाणचे अक्षांश-रेखांश तेवढे कळवावे. वळावें कसें, केव्हां, किती, हा हिशेब त्यानें आपला आपण करावा, ही त्याची परीक्षा. आयुष्य नेमून दिलें होतें दोन वर्षांचें. तो वीस वर्षांहून अधिक काळ काम करीत राहिला! २००९ मध्यें प्रोबा-२ रशियांतून गेला आणि सूर्याकडे पाहूं लागला. २०१३ मध्यें दक्षिण अमेरिकेंतील कुरू येथून गेलेल्या प्रोबा-व्ही नें पृथ्वीवरील शेतें-रानें पाहण्याचें काम केलें आणि जातां जातां विमानांचे संकेत अवकाशांतून ऐकतां येतात हेंहि सिद्ध केलें. तिसरी जोडी पुन्हां आपल्याच बाणावरून गेली. ४ डिसेंबरला उड्डाण ठरलें असतां ऐन वेळीं यानांत दोष दिसला. एक दिवस थांबून तो दूर केला आणि मग ती निघाली.

हे उपग्रह एकट्या कोणाचे नव्हेत. प्रोबा-३ च्या घडणींत चौदा देशांतील कारखाने होते. मुख्य जबाबदारी स्पेनमधील कंपनीची, दुर्बिणीचें शास्त्रीय नेतृत्व बेल्जमच्या राजवेधशाळेकडे, वर नेणारा बाण आपला. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांना अशा कामांतील अडचणी निराळ्या सांगावयास नकोत. प्रत्येकाचा वांटा, प्रत्येकाचा मान, कोणाला उशीर, कोणाचा रुसवा. मोठ्या, खर्चिक यानांवर नवी वस्तु बसविण्यास कोणीहि धजत नाहीं. कारण ती बिघडली तर सर्वांचाच घात. मग नव्या वस्तूनें आपली पात्रता कोठें सिद्ध करावी? त्यासाठीं हीं लहान घरें. येथें बिघाड झाला तर नुकसान आटोपशीर, आणि तो कां झाला हें कळणें हाच लाभ.

आणि नेमक्या ह्याच ठिकाणीं आमच्या घरांतील प्रश्न उभा राहिला. दादांची धाकटी मुलगी, माझी पुतणी, इंजिनियर आहे. २२ जून २०१६ रोजीं पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीं बनविलेला 'स्वयम्' नांवाचा किलोभर वजनाचा उपग्रह वर गेला तेव्हां ती शाळेंत होती. होकायंत्राच्या सुईप्रमाणें लोहचुंबकाच्या साह्यानें तो दिशा धरतो, हें वाचून तिनें स्वयंपाकघरांतल्या परातींत पाणी घालून, बुचावर चुंबक तरंगत ठेवून आम्हां सर्वांना तें करून दाखविलें होतें. पुढें शिकून ती एका मोठ्या कंपनींत लागली. पगार उत्तम. दोन वर्षांपूर्वीं घेतलेल्या नव्या घराच्या कर्जाचा निम्मा हप्ता ती भरूं लागली. अशांत लहान उपग्रह करणाऱ्या एका संस्थेकडून तिला बोलावणें आलें. नेमणूक दोन वर्षांची, वेतन आतांच्या निम्म्याहूनहि कमी, आणि काम चांचणीचें.

दादांचा स्वभाव तापट नाहीं. त्यांनीं दोनच प्रश्न विचारले. "दोन वर्षांनंतर काय?" आणि "तो वर जाऊन बंद पडला तर?" पहिल्या प्रश्नास तिच्याकडे उत्तर नव्हतें, आणि तिनें तें बनविलेंहि नाहीं. दुसऱ्यास ती म्हणाली, "बाबा, तो कां बंद पडला हें आम्हांला कळेल." दादा म्हणाले, "त्यानें हप्ता भरतां येईल का?" ह्या बोलण्यांत कडवटपणा नव्हता, बँकेच्या दारांत उभ्या असलेल्या माणसाचा तो खरा प्रश्न होता. मी गणिताचा शिक्षक म्हणून निवृत्त झालों. माझें पेन्शन मीं देऊं केलें. दादांनीं तें घेतलें नाहीं. भावाच्या पेन्शनवर मुलीचे प्रयोग चालवावयाचे नाहींत, एवढें बोलून ते उठले.

त्यांचें म्हणणें मला अयोग्य वाटत नाहीं, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. चांचणीचें कौतुक दुरून करणें सोपें. प्रोबाच्या पाठीशीं चौदा देशांचे खजिने होते. एका घरापाशीं एकच तिजोरी असते, आणि तींत आईच्या औषधांचेहि पैसे असतात. परंतु आपल्या घरांत आपण चांचणीला जागाच ठेवीत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. मुलगा दहावींत असतांनाच त्याची शाखा ठरते, मुलीची नोकरी लागली कीं ती कायमची धरली जाते. सून आली कीं पहिल्या आठवड्याच्या आमटीवरून तिची आयुष्यभराची कीर्ति ठरते! दोन वर्षें नेमून द्यावीं, तेवढ्यांत जें कळेल तें कळूं द्यावें, अशी सवड आपण कोणाला देतों?

महिनाभर घरांत हा विषय कोणी काढला नाहीं. नंतर नाशिकास असलेला पुतण्या, तिचा थोरला भाऊ, चार दिवसांच्या रजेवर आला. वहिनींनीं त्याच्याशीं काय बोलणें केलें तें मला ठाऊक नाहीं. निघण्याच्या आदल्या रात्रीं तो दादांना म्हणाला, "बाबा, तिच्या वांट्याचा हप्ता दोन वर्षें मी भरतों. पुढें ती माझा भरील, नाहींतर नाहीं भरणार." दादांनीं संमति दिली असें म्हणतां येणार नाहीं. त्यांनीं बँकेचें पासबुक आणून त्याच्यासमोर ठेवलें आणि चोवीस हप्त्यांच्या तारखा त्याच्याच हस्ताक्षरांत लिहून घेतल्या.

पुतणी नंतरच्या पहिल्या तारखेस रुजू झाली. सध्यां तिच्याकडे तळहाताएवढें एक चाक आहे. उपग्रहाला वळण देणारें हें चाक निर्वात टांकींत बंद करून, कधीं तापवून, कधीं गोठवून, रात्रंदिवस फिरत ठेवावयाचें आणि त्याची थरथर मोजावयाची. दर रविवारीं तिचा फोन येतो. आई विचारते, जेवलीस का. दादा विचारतात, चाक चाललें आहे का.